पगचे नाक कुठे गेले?

परळला उतरून 'बैलघोडा हॉस्पिटल कुठे?' असे विचारले, तर जुना रहिवासी लगेच हात करून रस्ता दाखवतो. 'बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय' असे पूर्ण नाव घेतले, तर तोच गृहस्थ क्षणभर विचारात पडण्याची शक्यता आहे. लोकांनी ठेवलेली नावे इतिहासाच्या अभ्यासकाला फार उपयोगी पडतात. १८८४ साली हे रुग्णालय उघडले तेव्हा तिथे रुग्ण म्हणून कोण येत असे, याची नोंद या नावातच होऊन बसली आहे. त्या काळी मुंबईत ट्राम होती, पण ती घोडे ओढत. घोड्यांची ही ट्राम १८७४ साली सुरू झाली आणि १९०७ साली विजेची ट्राम येईपर्यंत तिचाच जमाना होता. बंदर आणि गिरण्या यांच्यामधली मालाची ने-आण बैलगाड्यांतून होई. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी या रुग्णालयाला देणगी दिली, त्यांच्या पत्नीचे नाव त्याला मिळाले, आणि दोनच वर्षांनी, १८८६ साली, त्याच परिसरात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य.

बैलघोड्यांची दुखणी कष्टाची होती. जोखडाने सोललेला खांदा, घसरून मोडलेला पाय, झिजलेला खूर. रोगाचे कारण जनावराच्या शरीराबाहेर होते. ओझे कमी करा, विसावा द्या, जखम धुवा, की जनावर सुधारे. आज मुंबईत पशुवैद्याकडे येणाऱ्यांत कुत्र्यामांजरांचा भरणा मोठा आहे आणि त्यांतल्या काही कुत्र्यांचे दुखणे वेगळ्याच प्रकारचे आहे. त्यांच्यावर कोणी ओझे लादलेले नाही, मारहाण केलेली नाही. उलट ती पंख्याखाली, गादीवर वाढलेली आहेत. तरीही त्यांना धाप लागते, डोळ्यांना व्रण होतात, त्वचेच्या घड्यांत जंतुसंसर्ग होतो. ज्या आकारासाठी त्यांना हौसेने विकत घेतले, तो आकार हाच त्यांचा रोग. हा आकार आला कुठून, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल. उदाहरणादाखल मी पग हा एकच कुत्रा घेतो, कारण आपल्या विद्यार्थ्यांना तो चांगला ओळखीचा आहे.

नुसता कुत्रा

मुंबईत कुत्रा या विषयावरून एकदा मोठी दंगल झालेली आहे. मोकाट कुत्र्यांना उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मारण्याचा नियम १८१३ पासून होता. १८३२ साली ही मोहीम जूनपर्यंत लांबवली गेली. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आठ आणे ही त्या वेळी लहान रक्कम नव्हती, तेव्हा शिपाई पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे; मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी घडवणे, 'सगदीद', हा अंत्यविधीचाच भाग आहे. ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यात सामील झाले, दुकाने बंद पडली. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि इतर शेटियांनी पांजरापोळ स्थापन केली, तिच्यामागे या घटनेचीच आठवण होती.

या साऱ्या प्रकरणात एक प्रश्न कोणीच विचारला नाही: कुत्रा कोणत्या जातीचा? मारणाऱ्यांनी नाही आणि वाचवणाऱ्यांनीही नाही. कुत्रा म्हणजे कुत्रा. शिकारी, राखणदार, गुराख्याचे असे कामावरून प्रकार होते, पण 'जातिवंत' आणि 'गावठी' अशी कागदोपत्री विभागणी नव्हती. आज गिरगावातल्या गल्लीत निजलेल्या कुत्र्यालाही आपण 'गावठी' म्हणतो, वास्तविक त्याच्या पिढ्यानपिढ्या शहरात गेलेल्या असतात. ('जात' हा शब्द आपल्याकडे वेगळ्या कारणांनी जड झालेला आहे. वर्गात शिकवताना तो जपून वापरावा लागतो, हे शिक्षकांना सांगायला नको. पण 'शुद्ध रक्त' या कल्पनेचे आकर्षण माणसाच्या आणि कुत्र्याच्या बाबतीत एकाच मुळातून येते, असे माझे मत आहे.)

नोंदवही

१८५९ या सालाच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. नोव्हेंबरमध्ये चार्ल्स डार्विन यांचा जीवजातींच्या उगमावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सजीवांचे आकार पक्के नसतात, निवडीने ते बदलत जातात, असे डार्विन सांगत होते. तर प्रदर्शनातले परीक्षक प्रत्येक कुत्र्याचा आकार पक्का करायला निघाले होते. आणि तो पक्का करण्यासाठी हत्यार म्हणून वापरत होते निवडच!

१८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी कुत्र्यांच्या वंशावळीची पहिली नोंदवही छापली गेली. जातिवंत कुत्र्याची व्याख्या येथे जन्माला आली. ही व्याख्या जीवशास्त्राची नाही, नोंदवहीची आहे. ज्याचे आईबाप वहीत आहेत तो जातिवंत. बाकीचे सारे बाहेर. वही एकदा बंद झाली की बाहेरचे रक्त आत येण्याचा मार्गही बंद होतो. शिवाय प्रत्येक जातीसाठी आदर्श आकाराचे वर्णन लिहिले गेले. डोके एवढे, शेपूट असे, तोंड आखूड. 'आखूड' या शब्दाला खालची मर्यादा नव्हती. बक्षीस मिळे ते सर्वांत आखूड तोंडाला, आणि बक्षीसपात्र नरालाच माद्या दाखवल्या जात. वीस-पंचवीस पिढ्यांत काय होईल ते सांगायला गणिती लागत नाही.

पगचा क्लब १८८३ साली निघाला. त्याच वर्षी मुंबईत महालक्ष्मीचे शर्यतीचे मैदान तयार झाले, म्हणून एक तुलना सुचते. शर्यतीचा घोडाही जातिवंतच; त्याची इंग्लंडातील वंशावळ तर १७९१ पासून छापली जाते. पण त्याची परीक्षा मैदानावर होते. ज्याची फुप्फुसे दुबळी तो मागे पडतो आणि त्याचा वंश सहसा पुढे जात नाही. पगची परीक्षा टेबलावर उभे करून होते. त्याला धावायचे नाही, दिसायचे आहे. दोन्हीकडे निवड माणूसच करतो, पण एकीकडे श्वासाला गुण आहेत आणि दुसरीकडे नाहीत.

पग मूळचा चीनचा. सतराव्या शतकापर्यंत तो हॉलंडमध्ये पोचला होता आणि तेथील विल्यम व मेरी हे १६८९ साली इंग्लंडच्या गादीवर आले तेव्हा इंग्लंडमध्ये त्याची चलती झाली. तो तेव्हा कसा दिसत असे याचा उत्तम पुरावा एका चित्रात आहे. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःचे चित्र काढले आणि शेजारी आपला 'ट्रम्प' नावाचा पग बसवला. लंडनच्या टेट संग्रहालयातले हे चित्र पुस्तकांतून सहज पाहायला मिळते. ट्रम्पला नाक आहे! सपाट चेहऱ्यावर चिकटवलेले बटण नव्हे, चांगले पुढे आलेले नाक आणि तोंड. ट्रम्प आणि आजचा पग यांच्यामध्ये पावणेतीनशे वर्षे आहेत, आणि त्यांतली शेवटची दीडशे नोंदवहीची आहेत.

पिशवी लहान, सामान तेवढेच

कुत्र्याच्या कवटीत चेहऱ्याची हाडे आणि मेंदूची पेटी असे दोन भाग कल्पावेत. पगमध्ये पहिला भाग कमालीचा आखडला, दुसरा जवळपास तसाच राहिला. अडचण अशी की हाडे आखडली म्हणून त्यांच्यावरचे मऊ भाग त्याच प्रमाणात आखडत नाहीत. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात. पगलाही ४२च, पण जबडा निम्मासुद्धा नाही. म्हणून दात तिरके, एकमेकांवर चढलेले. चेहऱ्याची कातडी जास्त झाली, तिच्या घड्या पडल्या. घडीत ओल राहते, ओलीत जंतू वाढतात. डोळ्यांच्या खोबण्या उथळ झाल्या, डोळे बाहेर आले. पापण्या नीट मिटत नाहीत, बुबुळ कोरडे पडते, त्यावर ओरखडे उठतात. साध्या धडपडीत डोळा खोबणीबाहेर येण्याचेही प्रसंग घडतात.

सर्वांत वाईट अवस्था श्वासमार्गाची. नाकपुड्या म्हणजे बारीक चिरा. नाकाच्या आत हाडांच्या पातळ, गुंडाळलेल्या पट्ट्या असतात, त्यांना दाटीवाटीने वाढावे लागल्यामुळे त्याच हवेची वाट अडवतात. टाळूचा मागचा मऊ भाग लांबीला जास्त होतो आणि स्वरयंत्राच्या तोंडावर लोंबू लागतो. हवा ओढण्यासाठी सतत जोर लावावा लागतो, त्या ओढीने स्वरयंत्राजवळचे अस्तर सुजते आणि मार्ग आणखी अरुंद होतो. पगची घरघर आणि झोपेतले घोरणे हा या खटाटोपाचा आवाज आहे.

मार्ग थोडा अरुंद झाल्याने एवढे काय बिघडते, असे विद्यार्थी विचारतील. त्यांना प्वासूय यांचा नियम सांगावा. नळीतून संथ वाहणाऱ्या द्रवाचा किंवा वायूचा प्रवाह हा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली तर, तेवढ्याच दाबाखाली, प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळावा हिस्सा होतो. नाकातली हवा पुष्कळदा संथ न वाहता भोवरे करीत वाहते, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब निराळा येतो, पण दिलासा देणारा येत नाही. वर्गात करून पाहायचे असेल तर नाक चिमटीत धरून आधी जाड आणि मग बारीक नळीतून अर्धा मिनिट श्वास घ्यायला सांगावे. दम्याच्या मुलांना यातून वगळावे आणि कोणालाही जिने चढायला लावून हा प्रयोग करू नये.

परळातले एक उदाहरण

आखूड तोंडामागे कोणती जनुके आहेत हे अलीकडे बरेच उलगडले आहे. एडिंबरोच्या रॉस्लिन संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली पाळीव कुत्र्यांच्या कवट्यांची क्ष-किरण त्रिमिती चित्रे आणि त्यांचे डीएनए ताडून पाहिले. 'एसएमओसी-२' या जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसल्यामुळे त्या जनुकाचे काम मंदावते, आणि कुत्र्यांच्या चेहऱ्याच्या लांबीतल्या फरकांपैकी एकतृतीयांशाहून अधिक फरक एवढ्यावरून समजतो, असे त्यांना आढळले. 'बीएमपी-३' हे आणखी एक जनुक २०१२ साली सापडले होते. म्हणजे पगचे नाक नाहीसे करण्यासाठी निसर्गात अधूनमधून होणाऱ्या मोजक्या चुका पुरल्या. माणसाने त्या जपून एकत्र केल्या.

परंतु बंद नोंदवहीमुळे होणारा तोटा एवढाच नाही. आपण प्रत्येकजण काही सदोष जनुके बाळगून असतो. दोन प्रतींपैकी एक निरोगी असल्याने त्यांचा उपद्रव दिसत नाही. आईबाप जवळचे नातेवाईक असले, की एकाच पूर्वजाकडून आलेल्या दोन सदोष प्रती एका पिल्लात येण्याचा संभव वाढतो. याचे माणसातले एक प्रसिद्ध उदाहरण परळचेच आहे. बैलघोडा हॉस्पिटलपासून थोड्याच अंतरावरच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५२ साली असे काही रुग्ण आढळले, की ज्यांना त्या वेळच्या माहितीतल्या कोणत्याच गटाचे रक्त जुळेना. ओ गटाचेसुद्धा नाही. तोच पुढे 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला गेला. 'एच' जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तरच हा गट दिसतो. भारतात तो ढोबळमानाने दहा हजारांत एकाचा असतो आणि नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांत त्याचे प्रमाण अधिक असते. त्या व्यक्तीला एरवी काही त्रास नसतो. रक्त घ्यायची वेळ आली तरच पंचाईत.

कुत्र्यांच्या जातींत मात्र नात्यातले संबंध हा अपवाद नसून रिवाज आहे. एक विजेता नर शेकडो पिल्लांचा बाप होतो, मग त्याच्या नाती-पणत्या एकमेकांच्या सोयरिकीला येतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील शास्त्रज्ञांनी २००८ साली ब्रिटनमधल्या दहा जातींच्या वंशावळी संगणकावर तपासल्या. त्यांपैकी सात जातींनी अवघ्या सहा पिढ्यांत आपले दुर्मीळ आनुवंशिक वैविध्य ९० टक्क्यांहून अधिक गमावले होते. पग या दहांत नव्हता, पण त्याच्यातही असे अंतर्गत घाव आहेत. तरुण पगना मेंदूदाहाचा एक जीवघेणा विकार होतो, त्यात झटके येतात आणि बहुधा काही महिन्यांत मृत्यू ओढवतो. या विकाराचा संबंध प्रतिकारशक्तीच्या विशिष्ट जनुकांशी जोडता आला आहे. त्याच्या नावातच 'पग' आहे, यावरून काय ते समजावे.

हचवाला कुत्रा

हे सर्व दूरदेशीचे राहिले असते, पण २००३ साली हच या मोबाइल कंपनीची एक जाहिरात टीव्हीवर दिसू लागली. ऑगिल्व्ही या जाहिरात संस्थेच्या मुंबईतल्या मंडळींनी ती रचली होती. एक लहान मुलगा जाईल तिथे एक पग त्याच्या मागेमागे जातो; एवढेच कथानक. जाहिरात म्हणून ती उत्कृष्ट होती, हे मान्य केले पाहिजे. फोनची सेवा पाठ सोडत नाही हे सांगण्यासाठी कुत्र्याइतका योग्य प्राणी कोणता? २००७ साली कंपनी व्होडाफोन झाली, तेव्हाही रंगबदल सांगायला तोच कुत्रा आला. तोवर 'पग' हे नाव ठाऊक नसलेली माणसेही 'हचवाला कुत्रा' मागू लागली होती.

मागणीला आणखी एक कारण होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि लालबाग-परळात त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. पूर्वी चाळीत कुत्रा असे तो साऱ्या मजल्याचा, अंगणात वाढलेला. सदनिकेत राहणाऱ्याला लहान, कमी भुंकणारा, थोड्या जागेत मावणारा कुत्रा हवा होता. पग त्या चौकटीत बसला. शिवाय त्याचा चेहरा! कोनराड लोरेन्झ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ सालीच दाखवले होते, की मोठे डोळे, गोल कपाळ आणि इवलेसे नाक पाहिले की माणसाचे वात्सल्य आपोआप जागे होते, कारण मानवी अर्भक असेच दिसते. आईच्या मायेचा हा ओघ पगने आपल्याकडे वळवून घेतला आहे, आणि त्याची किंमत तो श्वासाने मोजतो.

मुंबईच्या हवेत ही किंमत आणखी वाढते. आपण घाम येऊन निवतो. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, फक्त पंजांच्या तळव्यांना थोडासा. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. मिनिटाला दोनशे-तीनशे वेळा हवा आत-बाहेर होते, जिभेवरचे आणि नाकातले पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता जाते, हे आपण नववी-दहावीला शिकवतोच. आता दोन अडचणी पाहा. मुंबईत मे महिन्यात तापमान ३३-३४ अंशांवरच असते, नागपूरच्या मानाने काहीच नाही. पण हवेत बाष्प इतके असते की पाणी उडायलाच तयार नसते. शाळेतल्या ओल्या-कोरड्या फुग्याच्या तापमापकात हे स्पष्ट दिसते: दमट दिवशी दोन्ही पारे जवळजवळ येतात. दुसरी अडचण पगची स्वतःची. ज्या नाकात हे शीतकरण व्हायचे ते नाकच त्याला नाही, आणि अरुंद मार्गातून धापा टाकायला स्नायूंना इतके श्रम पडतात की त्या श्रमांनीच शरीर आणखी तापते. तापले की धापा वाढतात, धापांनी घसा सुजतो, सुजेने वाट अरुंद होते. या चक्रात सापडलेला पग दुपारच्या एका फेरीतही कोसळू शकतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याने मे २००५ पासूनच्या पाच वर्षांत विमानप्रवासात मेलेल्या कुत्र्यांची यादी २०१० साली जाहीर केली. १२२ पैकी साधारण निम्मे आखूड तोंडाचे होते. त्यांत २५ इंग्लिश बुलडॉग आणि ११ पग.

चौकशी आणि दुरुस्ती

ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या आनुवंशिक विकारांवर एक माहितीपट दाखवला. ब्रिटनमध्ये त्यावरून एवढा गहजब झाला, की २००९ साली केनेल क्लबला सर्व जातींची आदर्श वर्णने पुन्हा तपासावी लागली. त्यानंतर आलेल्या अभ्यासांपैकी एक मला फार बोलका वाटतो. २०१२ साली लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमध्ये, श्वास अडत असल्याची उघड लक्षणे असणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना विचारले गेले, की तुमच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास आहे का? ५८ टक्के मालक म्हणाले, नाही. ही माणसे निष्काळजी नव्हती. आपल्या कुत्र्याला घेऊन ती रुग्णालयात आलेली होती. 'या जातीचे कुत्रे घोरतातच' असे त्यांनी गृहीत धरले होते. रोग सर्वांनाच झाला की तो रोग वाटेनासा होतो.

त्याच कॉलेजने २०२२ साली ४,३०८ पगची तुलना इतर २१,८३५ कुत्र्यांशी केली. वर्षभरात निदान एक तरी विकार जडण्याची शक्यता पगमध्ये सुमारे १.९ पट निघाली. श्वासमार्गाच्या अडथळ्याच्या बाबतीत हा आकडा ५४ पट होता, बुबुळावरच्या व्रणांच्या बाबतीत १३ पट. काही गोष्टींत पग उजवाही ठरला: तो चावरा कमी, आणि हृदयातला बिघडलेला आवाजही त्याच्यात कमी आढळला. पण एकंदरीत त्याला आता सामान्य कुत्रा म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

मग करायचे काय? जातीतल्या जातीत मोकळ्या श्वासाचे पग निवडून त्यांचीच वीण वाढवणे हा एक मार्ग आहे आणि केंब्रिजच्या पद्धतीने कुत्र्याला थोडे धावायला लावून त्याच्या श्वासाची प्रतवारी आता करता येते. मला मात्र डाल्मेशियनचे उदाहरण अधिक आशादायक वाटते. अंगभर ठिपके असणाऱ्या या कुत्र्यांच्या मूत्रात युरिक आम्ल अतिशय असते आणि त्याचे खडे होतात. जातीतले जवळजवळ सर्व कुत्रे सदोष, तेव्हा आतल्या आत निवड करून उपयोग नव्हता. १९७३ साली अमेरिकेतले आनुवंशिकीतज्ज्ञ रॉबर्ट शायबल यांनी डाल्मेशियनचा एकदाच पॉइंटर या जातीशी संकर केला आणि पुढल्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनशी. निरोगी जनुक टिकवले, बाकीचे पॉइंटरपण धुऊन काढले. काही पिढ्यांत पिल्ले दिसायला अगदी डाल्मेशियन, आणि मूत्र इतर कुत्र्यांसारखे. २००८ साली नेमके जनुकही सापडले. तरीसुद्धा अमेरिकन केनेल क्लबने या कुत्र्यांना नोंदवहीत घ्यायला २०११ साल उजाडले. अडतीस वर्षे अडथळा होता तो 'शुद्ध' या शब्दाचा.

पगच्या बाबतीत हॉलंड आणि जर्मनीत टेरियरशी संकर करून नाक परत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. जुन्या वळणाचा म्हणून त्याला 'रेट्रो' पग म्हणतात. तो काहीसा होगार्थच्या ट्रम्पसारखा दिसतो.

आपल्याकडे २०१६ साली विक्रीसाठी कुत्री परदेशातून आणण्यावर बंदी आली आणि २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम झाले. पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी, आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकू नये, अशी कलमे त्यांत आहेत. कुत्र्याच्या नाकाचा उल्लेख मात्र नाही. याच काळात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कारवानी किंवा मुधोळ कुत्र्याचे कौतुक वाढले. २००५ साली मुधोळवर टपाल तिकीटही निघाले होते. सशामागे धावण्यासाठी निवडलेला, लांब तोंडाचा, मोठ्या छातीचा हा प्राणी. त्याचीही आता प्रदर्शने भरतात, वंशावळी लिहिल्या जातात. पळण्याऐवजी टेबलावरचे दिसणे जर तिथेही गुणांचे झाले, तर त्याच्या शरीरात पहिल्याने काय बिघडेल, हा प्रश्न वरच्या वर्गातल्या मुलांना घालण्याजोगा आहे.

त्यांना मोजमापही देता येईल. कुत्र्याच्या नाकाच्या टोकापासून दोन डोळ्यांमधल्या खाचेपर्यंतचे अंतर घ्यावे. मग त्या खाचेपासून डोक्यामागे हाताला लागणाऱ्या उंचवट्यापर्यंतचे. पहिल्याला दुसऱ्याने भागावे. हा भागाकार ०.५ च्या खाली जाऊ लागला की श्वासाचा त्रास संभवतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हॉलंडने २०१९ साली ठरवले की ०.३ च्या खालच्या कुत्र्यांची पैदास करायची नाही. पगची सरासरी ०.१ च्याही खाली भरते. होगार्थच्या चित्रावर, मुधोळच्या छायाचित्रावर आणि जुन्या मासिकांतल्या हचच्या जाहिरातीवर मोजपट्टी ठेवून हे गुणोत्तर अंदाजाने काढता येते; छायाचित्र बाजूने घेतलेले असावे. प्रत्यक्ष कुत्र्यावर मोजायचे असेल तर घरचा, लस दिलेला कुत्रा घ्यावा आणि मालकाला शेजारी बसवावे. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या तोंडाजवळ पट्टी नेऊ नये. त्याला नाकही पूर्ण आहे आणि ४२ दातही जागच्या जागी आहेत.